घोडी स्टडफार्मवर पाठवावी, की थंड रेतमात्रा घरी मागवावी?

आपल्या लाडक्या थरोब्रेड घोडीचे शिंगरू आपल्याच तबेल्यात वाढावे, असे ज्या मालकिणीला मनापासून वाटते तिला आज ना उद्या या प्रश्नाशी येऊन थांबावे लागते. शिंगरात निम्मा वाटा नराचा असल्यामुळे ते घोडीची हुबेहूब प्रत होणार नाही, हे तिने मान्य केले आहे असे मी गृहीत धरते. मी हे दोन्ही मार्ग, म्हणजे स्टडफार्मवर (घोड्यांच्या पैदास केंद्रावर) नराशी नैसर्गिक संयोग आणि थंड करून पाठवलेल्या वीर्याने घरीच केलेले कृत्रिम रेतन, माझ्या एकाच घोडीवर, लागोपाठच्या दोन हंगामांत अनुभवले आहेत.

शिंगरू शर्यतीत धावावे अशी इच्छा असेल, तर निवडीला जागाच नाही. थरोब्रेड म्हणून नोंद होण्यासाठी नैसर्गिक संयोग बंधनकारक आहे; कृत्रिम रेतन किंवा भ्रूण प्रत्यारोपणातून जन्मलेल्या शिंगराला स्टडबुकात, म्हणजे जातीच्या अधिकृत नोंदवहीत, प्रवेश नाही. पुढचे विवेचन त्यामुळे ज्यांना सवारीसाठी किंवा उड्या मारण्याच्या स्पर्धांसाठी, बहुधा वॉर्मब्लड (सवारीच्या खेळांसाठी पैदास केलेल्या जातींच्या) नरापासून, शिंगरू हवे आहे त्यांच्यासाठी आहे. या मंडळींना आणखी एक मोकळीक असते. उत्तर गोलार्धातील प्रत्येक थरोब्रेडचे वय १ जानेवारीपासून मोजले जाते आणि गर्भकाळ सुमारे ३४० दिवसांचा असतो, म्हणून शर्यतीवाल्यांना हंगामाच्या अगदी सुरुवातीला घाई करावी लागते. आपण मात्र दिवस मोठे होऊन माजाचे चक्र नियमित होईपर्यंत निवांत थांबू शकतो.

नैसर्गिक संयोगाच्या बाजूने पुष्कळ बोलता येईल. ताजे शुक्राणू घोडीच्या गर्भमार्गात साधारण दोन दिवस टिकतात, त्यामुळे वेळ थोडी पुढेमागे झाली तरी निभावते. स्टडफार्मवरची माणसे रोज घोड्यांचे माज पाहणारी असतात आणि नराचा स्वभाव प्रत्यक्ष पाहायला मिळतो. संसर्गाची भीती आहेच. १९७७ मध्ये न्यूमार्केटला घोड्यांमधील सांसर्गिक गर्भाशयदाहाची साथ आढळली, आणि संयोगापूर्वी नर व मादी दोघांचेही स्वॅब तपासण्याचा आग्रह आज धरला जातो तो अशा अनुभवांमुळे. पण तपासणी चोख असेल तर मला या कारणासाठी स्टडफार्म नाकारावेसे वाटत नाही.

माझे मत फिरले ते घोडीला घरापासून दूर ठेवण्यामुळे. घरी माझी घोडी माजावर आली की शेजारच्या खणातल्या खच्ची घोड्यालाही शेपूट उचलून दाखवते. त्यासाठी तज्ज्ञ लागत नाही. स्टडफार्मवर तीच घोडी टीझर घोड्यासमोर (घोडी माजावर आहे का हे पाहण्यासाठी ठेवलेल्या नरासमोर) उभी केली की कान मागे टाकायची आणि शेपूट घट्ट दाबून धरायची. सोनोग्राफीत फॉलिकल (अंडाशयातील बीज असलेली पुटिका) वाढलेले दिसत होते, म्हणजे माज होता, पण मुका. उरलेला वेळ ती कुंपणालगत येरझाऱ्या घालत असे, इतकी की तिथले गवत तुडवून पायवाट पडली होती, आणि गव्हाणीतला चारा निम्मा तसाच राहत असे. तिथल्या लोकांनी काळजीत काही कमी केले नाही; तरीही ती उलटली, म्हणजे गाभण न राहता परत माजावर आली, पुन्हा उलटली, आणि बरगड्या दिसू लागल्यावर मी तिला रिकामीच परत आणली. शांत स्वभावाच्या किंवा प्रवासाला सरावलेल्या घोडीच्या बाबतीत असे होईलच असे नाही, हे मला मान्य आहे.

थंड रेतमात्रेत कटकट माणसाच्या वाट्याला येते, घोडीच्या नव्हे. ही मात्रा २४ ते ४८ तास उपयोगी राहते, त्यामुळे फॉलिकल सुमारे ३५ मिलिमीटरचे झाले की पशुवैद्य बीजमोचनाचे, म्हणजे फॉलिकलमधून बीज सुटण्याचे, इंजेक्शन देतात आणि त्याच हिशेबाने मात्रा मागवावी लागते. नराचे संकलन आठवड्यातून ठरावीक दिवशीच होत असेल, तर हे गणित बिघडू शकते. म्हणून करार करण्यापूर्वी संकलनाचे वार विचारून घ्यावेत. माझ्या मते नराच्या वंशावळीइतकीच ही चौकशी महत्त्वाची आहे. आमच्याकडे डबा आला, पशुवैद्यांनी मात्रेचा एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, रेतन झाले आणि घोडी आपल्या नेहमीच्या खणात चाऱ्याकडे वळली. त्या हंगामात ती गाभण राहिली.

गोठवलेल्या मात्रेचा विचार मी फारसा केला नाही. द्रव नायट्रोजनमध्ये ती वर्षानुवर्षे टिकते खरी, पण वितळल्यावर शुक्राणूंचे आयुष्य इतके थोडे उरते की बीजमोचनाची वेळ पकडण्यासाठी रात्रीबेरात्री वारंवार सोनोग्राफी करावी लागते.

मार्ग कोणताही असो, १४ ते १६ व्या दिवसाची सोनोग्राफी चुकवू नये, कारण थरोब्रेड घोड्यांमध्ये जुळे गर्भ बऱ्यापैकी आढळतात आणि त्यांतला एक वेळीच काढून टाकला नाही तर बहुतेकदा दोन्ही हातचे जातात. घोडी पंधरा वर्षांच्या पुढची आणि पहिलटकरीण असेल, तर संयोग किंवा रेतन झाल्यावर गर्भाशयात पाणी साचून राहते का, हेही आवर्जून पाहावे.

घोड्यांच्या प्रजननाचा सराव असलेले पशुवैद्य हाकेच्या अंतरावर नसतील, तर स्टडफार्मच बरे, असे मी कोणालाही सांगेन. ते उपलब्ध असतील आणि घोडी घर सोडल्यावर खाणेपिणे टाकणारी असेल, तर मी तिला घरीच ठेवीन.