पीडीएफ लहान करायला गेले आणि 63 जणांची कागदपत्रं परक्यासमोर उघडी पडली

सेलूच्या बसस्टँडपासून चालत पाच मिनिटांवर माझं छोटं ऑनलाइन सेवा केंद्र आहे. एक कॉम्प्युटर, स्कॅनरवाला प्रिंटर, अंगठ्याचं मशीन आणि बाहेर पत्र्याच्या सावलीत दोन बाकडी. 2025च्या जुलैत इथं जे घडलं ते सगळं लिहितेय, कारण अशी केंद्रं मराठवाड्यात गावोगाव आहेत आणि त्या प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये आपल्याच माणसांची आधार कार्डं, पासबुकं, सातबारे पडलेले असतात.

जुलै म्हणजे पीकविम्याची घाई. त्यात त्या वर्षी एक रुपयातला विमा बंद झाला होता. सोयाबीनला विमा रकमेच्या दोन टक्क्यांपर्यंत हप्ता शेतकऱ्यानं स्वतः भरायचा आणि वर फार्मर आयडी, म्हणजे शेतकऱ्याचा सरकारी ओळख क्रमांक, सक्तीचा. म्हणून प्रत्येकाला समजावून सांगण्यातच वेळ जायचा. त्यातून लोक मोबाइलवर काढलेले फोटो घेऊन यायचे. त्यांची पीडीएफ केली की फाइल चार-पाच एमबीची, आणि पोर्टल एवढी मोठी फाइल घेत नाही. बाहेर पंधरा माणसं बसलेली, आणि मी एका सातबाऱ्यापाशी अडकलेली. मी सर्चमध्ये ‘पीडीएफ साइज कमी करणे’ टाकलं आणि सगळ्यात वर आलेल्या नावावर क्लिक केलं. त्या नावाच्या वर बारीक अक्षरात ‘स्पॉन्सर्ड’ असं होतं. म्हणजे ती कोणीतरी पैसे भरून लावलेली जाहिरात होती. मी ते वाचलंच नाही.

प्रोग्राम फुकट होता. इन्स्टॉल करताना दोन पर्याय आले, ‘रेकमेंडेड’ आणि ‘कस्टम’. रेकमेंडेडवर आधीच टिंब लावलेलं. खाली फिकट करड्या अक्षरांत चार ओळी होत्या. सर्च इंजिन बदलेल, होमपेज बदलेल, खरेदीत मदत करणारं एक एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्राम, बसेल, असं त्यात चक्क लिहिलेलं होतं. पुढे भाच्यानं तीच फाइल त्याच्या कॉलेजच्या एका रिकाम्या मशीनवर उघडून मला दाखवली तेव्हा मी त्या ओळी पहिल्यांदा वाचल्या. त्या दिवशी मी फक्त नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश केलं होतं. कस्टम निवडलं असतं तर त्या खुणा काढता आल्या असत्या. आणि खरं सांगायचं तर एवढं सगळं फुकट देऊ करणारा प्रोग्राम तिथंच बंद करायला हवा होता.

प्रोग्रामनं काम मात्र चोख केलं. चार एमबीची फाइल 300 केबीची झाली. म्हणून मला शंका आली नाही.

दुसऱ्या दिवसापासून ब्राउझर उघडला की माझं नेहमीचं पान न येता दुसरंच काहीतरी यायचं. काही शोधलं की वरच्या पट्टीत क्षणभर एक अनोळखी पत्ता चमकायचा आणि मग निकाल यायचे, पण पहिले पाच-सहा निकाल जाहिरातींचेच. बातमीच्या साइटवर कुठंही बोट ठेवलं की नवा टॅब उघडायचा. एकदा तर एका पानानं ‘तुम्ही रोबोट नाही हे दाखवायला अलाव दाबा’ म्हटलं आणि मी दाबलं. त्यानंतर स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात खाली चौकटी यायला लागल्या: तुमच्या कॉम्प्युटरमध्ये पाच वायरस आहेत, संरक्षण संपलंय. अगदी ॲन्टिव्हायरसच्याच वाटाव्यात अशा. प्रत्यक्षात त्या वेबसाइटच्या नोटिफिकेशन होत्या, आणि त्यांना दार मीच उघडून दिलं होतं.

असं नऊ दिवस चाललं. काम होत होतं, अर्ज जात होते, म्हणून मी ‘31 जुलै होऊ द्या, मग बघू’ म्हणत राहिले. माझी खरी चूक ही. अशा जबरदस्तीनं जाहिराती दाखवणाऱ्या प्रोग्रामला ॲडवेअर म्हणतात, आणि ते बनवणाऱ्याला तुमचा कॉम्प्युटर बंद पाडायचा नसतो. तो चालू राहिला, तुम्ही रोज शोधत राहिलात, तरच प्रत्येक शोध त्याच्या वाटेनं वळतो आणि त्याला जाहिरातीचे पैसे मिळतात. त्यामुळे काम अडत नाही आणि माणूस चालढकल करतो. पण एकदा आपली वाट दुसऱ्याच्या हातात गेली की आज तो जाहिरातीवर नेतो आणि उद्या जो जास्त पैसे देईल त्याच्या दारात नेऊन सोडतो.

मला नेलं ते एका लाल पानावर. दुपारची वेळ. मी फार्मर आयडीची माहिती शोधत होते आणि एकदम सगळी स्क्रीन लाल झाली. भोंगा सुरू झाला, एक बाईचा आवाज इंग्रजीत काहीतरी बजावून सांगायला लागला. मध्ये मोठ्या अक्षरांत: कॉम्प्युटर लॉक झालाय, बंद करू नका, या नंबरवर फोन करा. माउस हलेना, वरचा बंद करायचा फुलीचा चौकोन दिसेना. बाहेरच्या बाकड्यावरची माणसं उठून आत डोकावायला लागली. मी घाबरले आणि फोन लावला.

पलीकडे एक माणूस, हिंदीत, फार मायेनं बोलणारा. एका मोठ्या कंपनीचं नाव सांगितलं. “मॅडम, घबराओ मत, मैं लाइन पे हूँ.” त्यानं आधी एस्केपचं बटण दाबून धरायला सांगितलं आणि पान लहान झालं. मला वाटलं, केवढं कळतंय याला. मग त्यानं एक ॲप घ्यायला लावलं, दूर बसून आपली स्क्रीन चालवता येते तसलं, आणि त्यातला नऊ आकडी नंबर विचारून घेतला. माझा बाण आपोआप फिरायला लागला.

त्यानं विंडोजमधली एक यादी उघडली. तिच्यात लाल गोल आणि पिवळे त्रिकोण, शेकड्यानं. “हे सगळे हॅकर,” तो म्हणाला. मग एक काळी खिडकी उघडली, तिच्यात पांढरी अक्षरं सरसर वर धावली आणि शेवटी ओळ उमटली, ‘वायरस फाउंड’. माझ्या पोटात गोळा आला. नंतर भाच्यानं त्याच्या स्वच्छ लॅपटॉपवर हेच दोन्ही करून दाखवलं. ती यादी म्हणजे इव्हेंट व्ह्यूअर. विंडोजच्या बारीकसारीक नोंदी तिथं साठतात आणि लाल-पिवळ्या खुणा प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर असतातच. काळ्या खिडकीत फोनवरच्या माणसानं ‘ट्री’ एवढा एक शब्द टाकला होता, त्यानं फोल्डरांची नावं धावतात. शेवटची ओळ त्या माणसानं हातानं टाइप केली होती.

‘लाइफटाइम सिक्युरिटी’चे 8,999 रुपये सांगितले. स्क्रीनवरच क्यूआर कोड आला. मी फोनवरून भरले.

भरल्यावर तो म्हणाला, आता दोन मिनिटं स्क्रीन काळी होईल, हात लावू नका. पण काळी व्हायच्या आधी बाण सरकत सरकत डी ड्राइव्हवर गेला आणि ‘विमा खरीप 2025’ हे फोल्डर उघडलं. आत ओळीनं नावं. एकेका माणसाच्या नावाचं एकेक फोल्डर. वायरस काढणाऱ्याला त्या नावांशी काय काम? मी इंटरनेटची केबल उपटली.

बाहेरून एक आबा विचारत होते, “काय झालं ओ ताई? मपला फॉर्म अडकला का?” मला बोलवेना.

मग मी दुसरी चूक केली. लाजेपोटी चार तास कोणालाच सांगितलं नाही. संध्याकाळी नांदेडला इंजिनिअरिंगला असलेल्या भाच्याला फोन केला तर तो आधी ओरडलाच, “मावशी, 1930 लावला का?” हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर. यूटीआर, म्हणजे त्या व्यवहाराचा बँकेतला नंबर, वेळ आणि बँक तयार ठेवून लगेच फोन केला तर समोरच्या खात्यातले पैसे तिथंच अडवायची संधी असते. मी केला तोवर पैसे पुढच्या खात्यांत गेले होते. तक्रार नोंदवली, सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इनवरही टाकली, बँकेला कळवलं. पैसे आजतागायत आलेले नाहीत.

भाचा दुसऱ्या दिवशी सकाळच्या रेल्वेनं आला. त्यानं केबल काढलेलीच ठेवली आणि माझ्या सगळ्या पासवर्डांपासून सुरुवात केली. तेही या कॉम्प्युटरवरून नाही, स्वतःच्या लॅपटॉपवरून. ईमेल, बँक, केंद्राचं लॉगिन, सगळीकडे ‘सगळ्या उपकरणांवरून साइन आउट’ केलं. मग मला शेजारी बसवून एकेक दाखवत गेला. कंट्रोल पॅनलमध्ये प्रोग्रामांची यादी तारखेनं लावली तर एकाच दिवशी चार गोष्टी बसलेल्या दिसल्या. मी तर एकच मागितली होती. त्या काढल्या. क्रोममध्ये तीन टिंबांच्या मेनूखाली लिहिलं होतं की हा ब्राउझर तुमच्या संस्थेच्या ताब्यात आहे. माझी कुठली संस्था! नको असलेल्या एक्स्टेन्शनला काढायचं बटणच नव्हतं, कारण त्या प्रोग्रामनं रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगांच्या नोंदवहीत, धोरण लिहून ते जखडून ठेवलं होतं. ते धोरण पुसल्यावर बटण आलं. डेस्कटॉपवरच्या क्रोमच्या चिन्हावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज बघितल्या, तर टार्गेटच्या ओळीत क्रोमच्या नावापुढं एक परका पत्ता चिकटवलेला. टास्क शेड्युलरमध्ये दर तासाला एक पान उघडायचं काम लावून ठेवलेलं. नुसतं एक्स्टेन्शन काढून भागत नाही ते यासाठी. एक मूळ राहिलं तरी उद्या परत उगवतं.

मग पेन ड्राइव्हवरून मालवेअरबाइट्सचं ॲडव्‌क्लीनर चालवलं. ते फुकट आहे, पण त्यांच्या स्वतःच्या साइटवरूनच घ्यायचं. सर्चमध्ये वर आलेल्या जाहिरातीतून घेतलं तर पुन्हा तीच गत. क्रोम रीसेट केला. त्यात बुकमार्क आणि सेव्ह केलेले पासवर्ड जात नाहीत, म्हणून त्याला घाबरायचं कारण नाही. नोटिफिकेशनच्या यादीत बावीस साइट निघाल्या, सगळ्या उडवल्या. तरी घरच्या लॅपटॉपवर तेच एक्स्टेन्शन दिसलंच, कारण दोन्हीकडे एकच खातं आणि सिंक चालू, म्हणजे एकीकडचं दुसरीकडे आपोआप जातं. तिथूनही काढलं. सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवरही सफाईची फुकट टूल्स मिळतात, हे मला त्या दिवशी कळलं.

एवढं करून शेवटी त्यानं कॉम्प्युटर फॉरमॅटच केला. नुसतं ॲडवेअर असतं तर सफाईवर भागलं असतं, पण परका माणूस आत येऊन बसून गेलेला कॉम्प्युटर आहे, त्यानं मागं काय ठेवलं ते सांगता येत नाही, असं त्याचं म्हणणं. मला ते पटलं. तुमच्याकडे कोणाला स्क्रीन दिली गेली असेल तर तुम्हीही फॉरमॅटच करा.

सगळ्यात जड गेलं ते पुढचं काम. त्या फोल्डरात 63 जणांची नावं होती. ती मी वहीत उतरवली आणि एकेकाला सांगायला लागले. काहींना फोन, बऱ्याच जणांच्या घरी जाऊन. त्या फाइली फोनवरच्या माणसानं उचलल्या की नाही हे मला कधीच कळणार नाही, म्हणून उचलल्या असंच धरून चालले. बोटांचे ठसे त्यात नव्हते, पण आधार, खातं, मोबाइल आणि सही एकत्र होती. ‘विम्याचे पैसे आलेत, ओटीपी सांगा’ असा फोन करायला तेवढं पुरतं. म्हणून प्रत्येकाला हेच बजावलं की असा फोन येईल, ओटीपी सांगू नका. ज्यांचा मोबाइल आधारला जोडलेला होता त्यांचं बायोमेट्रिक, म्हणजे आधारमधले अंगठ्याचे ठसे वगैरे, लॉक करून दिलं. मात्र रेशनला अंगठा लावायच्या आधी ते थोड्या वेळापुरतं उघडावं लागतं, हेही सांगून ठेवलं, नाहीतर माणूस दुकानातून हात हलवत परत येतो.

एक काकू रागावल्या, आणि त्यांचा राग बरोबर होता. ऑगस्टमध्ये त्याच आबांना खरंच तसा फोन आला. “ताईनं सांगितलंय,” म्हणून त्यांनी तो ठेवून दिला. त्या फोनचा माझ्या कॉम्प्युटरशी संबंध होता का, मला माहीत नाही.

आता केंद्रात अर्ज गेला की त्या माणसाच्या फाइली त्याच्यासमोर काढून टाकते, रिसायकल बिनसुद्धा रिकामा करते. पोर्टलचा पत्ता सर्चमध्ये शोधत नाही, एकदा तपासून बुकमार्क केलाय. लाल पान आलंच तर एस्केप दाबून धरायचं, नाहीतर कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर संपवायचा आणि पुन्हा उघडल्यावर ‘रिस्टोर’ म्हणायचं नाही. फोन करायचा नाही. ते नुसतं एक वेबपान असतं, त्यानं काही लॉक होत नाही.

आणि पीडीएफ? स्कॅनरच्या सेटिंगमध्ये रंगीतऐवजी ब्लॅक ॲन्ड व्हाइट आणि 150 डीपीआय केलं की सातबारा आपोआप लहान येतो. मोबाइलवरचा फोटो असेल तर मी मूळ कागद मागून घेते आणि स्कॅन करते. त्या प्रोग्रामची गरज मला कधी नव्हतीच.

वहीतल्या 63 नावांपैकी 62 वर खूण झाली आहे. एक जण मुलाबरोबर चाकणला गेलेत, फोन लागत नाही, घराला कुलूप आहे. शेजारी चिठ्ठी ठेवली आहे.