अतिवास्तववादी नेपथ्य सांगलीत: कपडेपट उत्तम, डोकी कच्ची

एकांकिकेला अतिवास्तववादी, म्हणजे स्वप्नासारख्या विचित्र दृश्यांच्या धाटणीचं नेपथ्य हवं असलं की लोक पुण्या-मुंबईकडे धावतात. सांगलीतल्या या नेपथ्य बनवणाऱ्या छोट्या कारखान्याचं काम बघता निदान कपडे आणि पडद्यासाठी तरी तेवढं लांब जायला नको.

कपडे सगळ्यात उजवे. चित्रकार जोर्जो द किरिकोने १९२९ साली ‘ल बाल’ या बॅलेसाठी पाहुण्यांच्या कोटांवर विटा आणि खांब चढवले होते. इथे नमुना तोच घेतलाय. कोट जाड ड्रिल कापडाचा. विटा नुसत्या रंगवलेल्या नाहीत, वेगळ्या कापून वर शिवल्यात आणि प्रत्येकीची खालची कड काळपट ओढलीय, त्यामुळे मागच्या रांगेतूनही उठाव दिसतो. काखेत आणि कोपराला मुद्दाम एकही वीट नाही. तिथे जाड कापड आलं की हात वर करताच शिवण उसवते. ज्याने हे बेतलं त्याला नटाचं अंग कळतं!

पडदा मांजरपाटाचा, सरस-खडूचं अस्तर, वर डिस्टेंपर (पाण्यात कालवायचा रंग). अस्तर जाड झालं की घडीवर तडे जातात, म्हणून ते पडदा पाइपला गुंडाळूनच देतात. चित्रकार साल्वादोर दालीच्या ‘बाकानाल’ या बॅलेमध्ये (१९३९) रंगवलेल्या भव्य हंसाच्या छातीतून नर्तक बाहेर येत. तसं भोक हवं असेल तर आधी सांगा; कापलेली कड लोंबते, तिला मागून प्लायची चौकट लागते. ती चौकट जमिनीवर स्वतंत्र उभी करून घ्या, पडद्याला टांगली तर सगळा पडदा ओढला जातो. आणि प्रकाशवाल्याला पडदा आधी दाखवा. रंगवलेल्या सावल्या डावीकडे पडत असतील तर मुख्य प्रकाश उजवीकडूनच हवा, नाहीतर किरिकोच्या चित्रांतला तो लांब सावल्यांचा सुनसान चौक गॅदरिंगच्या पडद्यासारखा दिसतो.

नटांनी डोक्यावर चढवायच्या मोठ्या थर्माकोलच्या डोक्यांचं काम मात्र कच्चं. थर्माकोलवर थेट स्प्रे मारल्याने नाकापाशी खड्डे पडलेत; त्यातलं द्रावण थर्माकोल खातं. आधी फेव्हिकॉलचे दोन हात देऊन वाळवायला हवेत. शिवाय सगळा भार कपाळावर येतो, वाकलं की डोकं पुढे घसरतं. पिकासोने ‘पराद’ या बॅलेसाठी (१९१७) जवळपास तीन मीटर उंचीचे सांगाडे नर्तकांच्या अंगावर चढवले होते, एवढं मोठं काही घालायचं तर भार खांद्यांवरच हवा. ५ मिमी फोम शीट, आत हेल्मेटचा पट्टा आणि डोळ्यांच्या जागी काळी जाळी असं स्पष्ट सांगून करून घ्या.

पावसाळ्यात अस्तर लवकर वाळत नाही, तेव्हा जुलै-ऑगस्टच्या प्रयोगासाठी पडदा महिनाभर आधी सांगावा.