लिब्रेऑफिसच्या सेटिंग्ज बिघडल्या: रिसेट, फोल्डरचं नाव बदलणं की पुन्हा इन्स्टॉल?

दुपारी लाइन गेली, जुना यूपीएस दोन मिनिटांत बसला. पुन्हा चालू केलं तर लिब्रेऑफिस या मोफत ऑफिस प्रोग्रॅममधल्या राइटरचे (मजकूर लिहिण्याच्या भागाचे) टूलबार गायब, मराठी फॉन्ट भलताच, नाहीतर प्रोग्रॅम उघडून लगेच बंद. मृगाच्या वादळात ग्रामपंचायतीच्या किंवा सेवा केंद्राच्या कॉम्प्युटरवर हे ठरलेलंच. कारण साधं आहे. तुमच्या सगळ्या आवडीनिवडी 'रजिस्ट्रीमॉडिफिकेशन्स' या एकाच एक्सएमएल फाइलमध्ये असतात. ती लिहिली जात असतानाच वीज गेली, की फाइल अर्धवट राहते.

अशा वेळी बहुतेक जण थेट पुन्हा इन्स्टॉल करायला बसतात, आणि नेमका तोच उपाय इथे कामाचा नाही. अनइन्स्टॉल केल्यावरही ही फाइल ज्यात असते ते वापरकर्त्याचं फोल्डर जागेवरच राहतं. नवा प्रोग्रॅम तीच मोडकी फाइल वाचतो आणि बिघाड जसाच्या तसा. धारणी किंवा भामरागडच्या बाजूला मोबाइलच्या हॉटस्पॉटवर तीनशे एमबीच्या वरचं डाउनलोड करून हाती काही लागत नाही. 'डीएलएल (प्रोग्रॅमची स्वतःची फाइल) सापडत नाही' असा संदेश येत असेल, तरच पुन्हा इन्स्टॉल करा.

आधी सेफ मोडमध्ये उघडून पाहा. 'हेल्प' मेनूत 'रिस्टार्ट इन सेफ मोड' आहे. प्रोग्रॅम उघडतच नसेल, तर विंडोजच्या स्टार्ट मेनूत 'लिब्रेऑफिस सेफ मोड' वेगळं दिसतं. उघडणाऱ्या खिडकीत 'कंटिन्यू' दाबल्यावर तात्पुरत्या कोऱ्या सेटिंग्जवर काम चालतं, तुमच्या सेटिंग्जना हात लागत नाही. तिथेही बिघाड दिसला, तर दोष सेटिंग्जचा नाही. फाइल, फॉन्ट तपासा. एक खोच मात्र आहे: सेफ मोडमध्ये हार्डवेअर ॲक्सिलरेशनही (स्क्रीनवरचं चित्र ग्राफिक्स कार्डकडून काढून घेण्याची सोय) बंद असतं. त्यामुळे स्क्रीन काळी पडण्याची तक्रार असेल, तर रिसेटच्या आधी तेवढंच बंद करून बघा.

दोष सेटिंग्जचाच निघाला, तर सेफ मोडच्या त्याच खिडकीतला 'रिस्टोर फ्रॉम बॅकअप' पहिल्यांदा वापरा. प्रोग्रॅमने स्वतः ठेवलेली शेवटची चालती प्रत त्याने परत येते. नाही जमलं, तर 'फॅक्टरी रिसेट'. इथे खूण करायच्या दोन चौकटी आहेत आणि घाई नडते ती इथेच. पहिलीने फक्त सेटिंग्ज आणि मेनू-टूलबारमधले बदल जातात, शब्दकोश आणि टेम्प्लेट राहतात. दुसरीने, म्हणजे 'एन्टायर यूजर प्रोफाइल'ने, सगळंच जातं: दाखल्यांचे नमुने, मॅक्रो (कामं आपोआप करून देणाऱ्या आज्ञा), सगळं. दुसऱ्या चौकटीत खूण करायची वेळ आली, तर त्यापेक्षा फोल्डरचं नाव बदललेलं बरं.

त्यासाठी विंडोजचं बटण आणि आर दाबून इंग्रजीत 'ॲपडेटा' लिहा, दोन्ही बाजूंना टक्क्याची खूण. 'लिब्रेऑफिस', त्यात '4' (आवृत्ती कितवीही असो, आकडा चारच), त्यात 'यूजर'. प्रोग्रॅम बंद करून 'यूजर'ला 'यूजर-जुना' नाव द्या. 'फोल्डर वापरात आहे' म्हणाला, तर टास्क मॅनेजरमधून 'सॉफिस' (मागे चालू राहिलेलं लिब्रेऑफिस) बंद करा. प्रोग्रॅम उघडला की कोरं फोल्डर आपोआप तयार होतं. मग प्रोग्रॅम पुन्हा बंद करून जुन्यातून 'वर्डबुक' (शब्दकोश), 'टेम्प्लेट' (नमुने), 'ऑटोटेक्स्ट' (साठवलेला मजकूर) आणि 'ऑटोकॉर' (आपोआप दुरुस्तीच्या नोंदी) ही फोल्डर तेवढी उचलून आणा. रजिस्ट्रीमॉडिफिकेशन्स आणू नका, नाहीतर दुखणंही सोबत येईल. 'वर्डबुक'मधली 'स्टँडर्ड' फाइल नोटपॅडमध्ये उघडते: वर चार ओळी माहितीच्या, खाली ओळीला एक शब्द. सेमाडोह, कोडापे, वानखडे अशी तुम्ही घातलेली नावं तिथे दिसली, तर शब्दकोश शाबूत आहे.

वेळ दहा-पंधरा मिनिटं जास्त जातो, पण चुकलं तर नाव परत बदललं की पूर्ववत. रिसेटला ती सोय नाही. रिसेट किंवा नाव बदलणं, यातला कोणताही रस्ता घेतला तरी 'टूल्स'मधल्या 'ऑप्शन्स'मध्ये कॉम्प्लेक्स टेक्स्टची (देवनागरीसारख्या लिप्यांची) भाषा मराठी आणि तिचा फॉन्ट नव्याने निवडावा लागतो. निवडल्यावर प्रोग्रॅम एकदा नीट बंद करा.

आणि सेटिंग्ज दर रीस्टार्टला जात असतील, तर यातलं काहीच करू नका. शाळेच्या लॅबमध्ये डिस्क गोठवणारं सॉफ्टवेअर असतं, किंवा विंडोज तात्पुरत्या प्रोफाइलवर उघडलेलं असतं. 'सी' ड्राइव्हच्या 'यूजर्स'मध्ये 'टेम्प' नावाचं फोल्डर दिसलं, की दुरुस्ती विंडोजच्या खात्याची करायची आहे.