पट्टी पॉलिकार्बोनेटची दाखवली, नळी ॲक्रिलिकची दिली: ९,७९० रुपये गेले

९,७९० रुपये. चार नळ्यांचे ८,०००, त्यावर १८ टक्के जीएसटीचे १,४४० आणि टेम्पोभाडं ३५०. पै-पैचा हिशोब मांडतोय, कारण घरी रोज "जाऊ दे, थोडक्यात निभावलं" ऐकतोय आणि ते मला सहन होत नाही. नाशिकच्या सातपूरला बावीस वर्षं लेथ आणि ड्रिलवर काढली. तरी हातात आलेलं प्लॅस्टिक ओळखता आलं नाही, ही लाज पैशांपेक्षा जास्त झोंबते.

भाची आठवीत आहे. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तिला हवेच्या दाबावर कागदी रॉकेट उडवणारं यंत्र करायचं होतं. पायपंपाने नळीत हवा भरायची, बॉल व्हॉल्व्हचा दांडा ओढायचा, रॉकेट वर. तिची एकच अट होती: "मामा, आत छोटा फुगा ठेवू. दाब वाढला की तो कसा आकसतो ते सगळ्यांना दिसलं पाहिजे." कल्पना मला फार आवडली. म्हणून आरपार नळी हवी होती, आणि आरपारमध्ये पॉलिकार्बोनेटच, म्हणजे चिवट, सहजी न फुटणारं प्लॅस्टिक, हे मी नळ्या विकणाऱ्याला पहिल्याच फोनवर सांगितलं होतं. ॲक्रिलिक दिसायला सुरेख, पण ठिसूळ. फुटलं की त्याच्या सुऱ्या होतात. आणि घरच्या नळाची पांढरी पीव्हीसी पाइप वापरून कोणी हे करत असेल तर आजच थांबवा. तिच्यावर छापलेला दाब पाण्याचा असतो. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे पाइप तडकली तरी पाणी गळून मोकळं होतं. दाबलेली हवा मात्र एका झटक्यात सुटते आणि तुकडे घेऊन जाते.

म्हणजे मी अडाणीपणाने गेलो नव्हतो. ५० मिलिमीटर व्यास, ३ मिलिमीटर जाडी, १ मीटर लांबी, सगळं लिहून पाठवलं होतं. "अंबडला गोडाऊन आहे, पण आज स्टॉक मोजणी चालू आहे," म्हणून त्याने पाथर्डी फाट्यावर बोलावलं. चारपेक्षा कमी देणार नाही म्हणाला. खिशातून वीतभर पट्टी काढली, माझ्यासमोर दुमडली, टेम्पोच्या फाळक्यावर ठेवून हातोडी मारली. पट्टीला ओरखडाही नाही. ती पट्टी अस्सल होती, हे मी आजही सांगतो. नळ्या मात्र प्लॅस्टिकच्या पिशव्यांत टेप लावून बंद. "पिशवी फाडली की माल परत नाही." मी फाडली नाही. पैसे मोबाइलवरून पाठवले. नमुना मालातूनच, आपल्यासमोर कापून घ्यायचा असतो. मी स्वतः कामगारांना हेच शिकवत आलो.

खरी वेळ नंतरची आहे, आणि तीच रात्री आठवते. व्हॉल्व्हसाठी नळीला भोक पाडत होतो. पॉलिकार्बोनेटचा कीस लांब, वेटोळ्यांचा निघतो, बिटाला गुंडाळला जातो. इथे पांढरा भुगा आणि बारीक कपच्या पडत होत्या. भोकाच्या कडेला नखाएवढा टवका उडाला. हात थांबला होता माझा! पण प्रदर्शन चार दिवसांवर, भाची शेजारी फुगा धरून उभी. म्हटलं, बिट बोथट झालं असेल. बिट बदललं आणि पुढे गेलो.

पाण्याची चाचणी घेतली, ४० पीएसआयला (पीएसआय म्हणजे दाब मोजायचं माप) नळी टिकली. निष्काळजी म्हणणाऱ्यांनी हे वाचावं. मग हवा २५ पीएसआय. फुगा आकसला, पोरगी टाळ्या वाजवत होती. दोन रॉकेटं उडाली. तिसऱ्या वेळी दांडा ओढताना झटका बसला, त्या भोकापासून तडा गेला आणि नळी फुटली. माझ्या डाव्या हाताला तीन टाके. भाची त्या क्षणी पडलेलं रॉकेट उचलायला वाकली होती. ती जिथे उभी होती तिथे भिंतीच्या गिलाव्यात एक तुकडा रुतला होता, तिच्या डोळ्यांच्या उंचीवर.

त्याच संध्याकाळी उरलेला तुकडा पकडीत धरून अंगणात पेटवला. लायटर काढला तरी तडतडत जळत राहिला, धूर जवळपास नाही, वास गोडसर. पॉलिकार्बोनेट काळी काजळी सोडतं आणि ज्योत काढली की विझतं. दोन मिनिटांची परीक्षा. आधी करायची होती.

बिलावरचा जीएसटी क्रमांक मोजला तर १४ अक्षरं. असतात १५. पोर्टलवर फुकट तपासता येतो, पैसे देण्याआधी तपासा. म्हणजे ते १,४४० सरकारकडे गेलेच नाहीत.

ठाण्यात गेलो. पहिला प्रश्न: "हवेची बंदूक बनवत होता का? परवाना आहे?" हाताला पट्टी बांधलेल्या माणसाला! शाळेचं पत्र दाखवलं, तर "माल मिळालाय ना, मग हा दिवाणी मामला." नमुन्याची पट्टी एक आणि माल दुसरा, ही फसवणूक नाही तर काय? मग "व्यवहार पाथर्डी फाट्याचा, आमची हद्द नाही." १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असो, खबर नोंदवावी लागते. हे मी म्हटल्यावर साहेब म्हणाले, "वकील आहात का?" दुसऱ्या ठाण्याने पहिल्याकडे पाठवलं. सायबरवाल्यांनी सांगितलं, पैसे तुम्ही स्वतःच्या हाताने पाठवले. सहा खेपा झाल्या, रिक्षाचे ७२० रुपये वेगळे. ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, पण समोरच्याचा पत्ता लागतो. बिलावरच्या पत्त्यावर भंगाराचं दुकान निघालं.

अंगठ्याएवढाही तुकडा कापून देत नसेल तर तिथूनच परत फिरा. गोडाऊन दाखवत नसेल तरी फिरा.

त्याचा नंबर अजून चालू आहे. काल स्टेटसला व्हिडिओ होता: तीच पट्टी, तीच हातोडी, मागे बंद पिशव्यांतल्या नळ्या.