सव्वातीन किलोवॅट, 19 दिवस आणि एकच मिस्त्री

वडोदऱ्यातल्या शियाबागेत आमच्या गच्चीवर सव्वातीन किलोवॅटची सौर यंत्रणा बसून चार महिने झाले. काम शहरातल्याच एका मध्यम आकाराच्या कंत्राटदाराने केले. त्याचे नाव मुद्दाम देत नाही.

कागदपत्रांबाबत तक्रारीला जागाच नाही. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेचा अर्ज, वीज कंपनीची मंजुरी, दुहेरी नोंद घेणारा मीटर आणि 78,000 रुपयांचे अनुदान यांपैकी कशासाठीही मला कोणत्याही कार्यालयाची पायरी चढावी लागली नाही. स्वच्छ उन्हाच्या दिवशी 540 वॅटच्या सहा पॅनेलांतून 12 ते 13 युनिट वीज मिळते.

घोडे अडले ते माणसांपाशी. सगळे सामान येऊन पडल्यावरही पॅनेले 19 दिवस जिन्याखाली भिंतीला टेकून उभी होती, आणि सासूबाई रोज सकाळी त्यांना वळसा घालून तुळशीला पाणी घालायला जात. कंत्राटदार फर्मच्या मालकांनी कारण सरळ सांगितले: पॅनेले बसवणाऱ्या चार तुकड्या आहेत, पण अर्थिंग आणि जोडणी तपासून सही करणारे मिस्त्री एकच, आणि तेही 66 वर्षांचे. एक कोटी घरांचे उद्दिष्ट ठेवून 2024 च्या फेब्रुवारीत योजना सुरू झाल्यापासून कामे अंगावर कोसळत आहेत, मात्र आयटीआय झालेला मुलगा वर्षभर शिकतो आणि थोडे जास्त पैसे मिळताच दुसरीकडे जातो, असे त्यांचे म्हणणे. (त्या मुलांना पगार किती देता, असे विचारल्यावर ते इन्व्हर्टरच्या वॉरंटीवर बोलू लागले.)

हे मिस्त्रीकाका पूर्वी गुजरात वीज मंडळात (जीईबी) वायरमन होते. मंडळाच्या 2005 मध्ये सात कंपन्या झाल्या, तरी त्यांच्या तोंडी अजून ‘जीईबी’च आहे. गुडघ्यांमुळे दोनदा बसून ते गच्चीवर पोहोचले आणि आधी पॅनेलांच्या वायरींचे जोड एकेक ओढून पाहू लागले. मुलांनी जोड घट्ट दाबून बसवण्याचे खास (क्रिंपिंगचे) हत्यार न वापरता ते साध्या पकडीने दाबले होते. दोन जोड काकांच्या हातातच आले. सैल जोड तापून वितळतो आणि पॅनेलांतून येणाऱ्या डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेची ठिणगी एकदा धरली की सहज विझत नाही, हे त्यांनी मुलांना तिथेच समजावले. मुले ऐकत होती की मोबाइलवर पुढच्या घराचा पत्ता शोधत होती, हे मला सांगता येणार नाही. मग अंगणातले तीनही अर्थिंग मोजले. आकाशातून पडणारी वीज जमिनीत उतरवणाऱ्या तडितरोधकाचे अर्थिंग 11 ओहम भरले. मर्यादा पाचची, म्हणून काकांनी भरावाची माती काढून खड्डा आणखी खोल घ्यायला लावला आणि आकडा चारच्या खाली आल्यावरच सही केली.

दोन महिन्यांनी इन्व्हर्टर बंद पडला, तेव्हा काकांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले होते. त्यांच्याऐवजी आलेल्या मुलांनी तो तीनदा बंद-चालू केला आणि ते गेले. आठ दिवसांनी काळा चष्मा लावून काका आले आणि लोखंडी स्ट्रक्चरच्या कडेला घासून सोललेली वायर त्यांनी दहा मिनिटांत शोधली.

मी पाचपैकी साडेतीन गुण देईन. ही सेवा घ्यायची असल्यास तपासणी कोण करणार हे करारापूर्वीच विचारावे आणि अर्थिंगचे आकडे लेखी मिळेपर्यंत शेवटचा हप्ता देऊ नये. आमच्या करारात पाच वर्षांची मोफत देखभाल आहे. ती कोण करणार, असे मी मालकांना विचारले. “काकाच की,” ते म्हणाले. करार संपेल तेव्हा काका 71 वर्षांचे असतील.