बेल्ट ‘बदलला’, बिल भरलं, भोक मात्र तेच

बडोद्यात किंवा आसपास कुणाकडे हार्ले-डेव्हिडसनची स्ट्रीट ७५० असेल, किंवा जिच्यात मागचं चाक चेनऐवजी बेल्ट फिरवतो अशी दुसरी कुठलीही मोटरसायकल, तर गॅरेजमध्ये जाण्याआधी हे वाचा.

हार्लेने २०२० मध्ये भारतातलं उत्पादन बंद केल्याचं जाहीर केलं आणि हरियाणातल्या बावलला बनणारी स्ट्रीट तिथेच संपली. गाड्या अजून रस्त्यावर आहेत, बऱ्याचशा दुसऱ्या-तिसऱ्या हातात. माझीही तशीच घेतलेली. त्यामुळे ‘मोठ्या गाड्यांचं काम करतो’ अशी पाटी दिसली की आपण वळतो. मी वळलो त्या गॅरेजचं नाव लिहीत नाही.

गेलो होतो ऑइल बदलायला. कारागिराने फ्रेमखाली जॅक लावून मागचं चाक अधांतरी केलं, जरा फिरवलं, एका जागी थांबवलं आणि अंगठ्याने बेल्ट दाबून दाखवला. ‘साहेब, बेल्ट लांबो थई गयो छे. गमे त्यारे तूटशे.’ म्हणजे बेल्ट लांबलाय, कधीही तुटेल. बेल्टच्या मधोमध खडा घुसून पडलेलं एक बारीक भोक होतं. बडोद्याजवळच्या सावली रोडची कृपा. त्याचा जवळून फोटो काढून त्याने मला व्हॉट्सॲपवर पाठवला, घरी दाखवून परवानगी घ्या म्हणून. गाडी ठेवून आलो. बेल्ट, मजुरी आणि कसल्याशा ‘बेल्ट स्प्रे’सकट आकडा पाच अंकी झाला.

या खेळातली हातचलाखी नीट समजून घ्या. लांबणं हा चेनचा रोग. तिच्या पिना झिजतात, म्हणून ती वाढते. बेल्टच्या पोटात मजबूत तंतूंच्या दोऱ्या असतात, तो सहसा तसा ताणत नाही. तो जातो तेव्हा दात तुटतात, कडा उसवते, तडे पडतात. मधलं बारीक भोक लक्ष ठेवण्यासारखं असतं, पण कडेपाशी खड्डा पडला की बेल्ट बदलावाच लागतो. दुसरं, चाक अधांतरी लोंबकळलं की बेल्ट एरवीपेक्षा सैल लागतो. तिसरं, चाक फिरवताना ताण सगळीकडे सारखा नसतो, आणि त्याने नेमकी सगळ्यात ढिली जागा शोधून दाखवली होती. मोजायची असते ती सगळ्यात घट्ट जागा.

घरी येताना कारेलीबागपर्यंत बेल्ट कुंईं करत होता. नवा आहे, बसेल, असं कारागीर म्हणालाच होता. रविवारी गाडी धुतली, स्प्रेचा चिकट थर निघाला आणि खाली तेच भोक! त्याने स्वतः पाठवलेला फोटो शेजारी धरला. तोच आकार, शेजारच्या दातावरचा तोच ओरखडा. जुना बेल्ट पुसून, चोपडून, करकचून आवळला होता, एवढंच. असा आवळलेला बेल्ट चाकाच्या आणि गिअरबॉक्सच्या बेअरिंगांवर भार टाकतो, म्हणजे पुढचं बिलही तयार. आणि बेल्टला तेल, ग्रीस, स्प्रे काहीच लागत नाही. साबणाचं पाणी पुरतं.

फोटो पुढे धरल्यावर त्याने आधी पोऱ्यावर ढकललं, मग बेल्टचे पैसे परत केले. मजुरी नाही. मला दिली होती ती हाताने लिहिलेली चिठ्ठी, तिच्यावर ना जीएसटी क्रमांक ना पार्ट नंबर, म्हणून तोही निर्धास्त. तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ला, नोंदवली आहे, पण पक्कं बिल असतं तर बोलणं सोपं गेलं असतं.

ताण खरोखर तपासायचा तर गाडी थंड हवी, न्यूट्रलमध्ये, चाक जमिनीवर आणि सीटवर कुणी नको. बेल्टच्या खालच्या पदराच्या मध्यावर, जोर मोजणाऱ्या साध्या स्प्रिंगच्या गेजने साडेचार किलोचा जोर देऊन बेल्ट किती मिलिमीटर सरकतो ते बघायचं. गाडी थोडी थोडी पुढे ढकलून हेच तीन-चार ठिकाणी करायचं. योग्य आकडा मॉडेलनुसार बदलतो, मालकाच्या पुस्तिकेत छापलेला असतो. मागच्या चाकाच्या एक्सलचा नट टॉर्क पान्याने, म्हणजे ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने, आवळला की पुन्हा मोजायचं, कारण आवळताना ताण हलतो. हे गेज ज्याच्याकडे नाही त्याने अंगठ्यावरून बेल्टचा निकाल दिला, तर गाडी सरळ बाहेर काढा. आणि बदलायचाच ठरला तर जुना बेल्ट, नव्याच्या पाकिटासकट, डिकीत टाकून घरी आणायचा, हे काम देतानाच सांगून ठेवा. मी आता हे विचारतो तेव्हा निम्मे कारागीर विषय बदलतात.