किल्लारीच्या वाड्यातलं म्हणून घेतलेलं स्टूल

गेल्या पाडव्याला आम्ही लातूरमधल्या नव्या घरात राहायला आलो. हॉलमध्ये दुकानातला तयार टीपॉय नको, जुनी लाकडी स्टुलं आणि एखादी घडवंची असावी, असं फार दिवस मनात होतं. सोफ्याशेजारच्या स्टुलावर दिवा, खिडकीखाली घडवंचीवर कुंड्या. या हौसेपायी आमचे एकतीस हजार रुपये गेले. पण ते काय सांगून काढून घेतले, त्याचा संताप मला जास्त आहे. जुन्या वस्तूंनी घर सजवायची आवड हल्ली खूप जणांना आहे, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

दुकान छत्रपती संभाजीनगरातलं. मालक बोलायला गोड. पाणी दिलं, चहा मागवला, "ताई, गाव कोणतं तुमचं?" म्हणून विचारलं. मी लातूर म्हणाले, आणि बोलण्याच्या ओघात आजोळ किल्लारीजवळचं हेही सांगून बसले. तो आत गेला आणि पोत्यात गुंडाळलेलं एक गोल स्टूल घेऊन आला. "हे तर तुमच्याच भागातलं. भूकंपात पडलेल्या वाड्यातलं. सव्वाशे वर्षांचं सागवान आहे, ताई."

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे मी नऊ वर्षांची होते. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, लोक उशिरा झोपलेले. आजोळचं घर दगडमातीच्या जाड भिंतींचं, वर माळवद. ते सगळं बसलं. आजी वाचली, आजोबा गेले. ढिगाऱ्यातून निघालेल्या वस्तूंपैकी एक पोळपाट आजीने आईला दिला, आईने मला. तो मी रोज वापरते.

त्यामुळे ते स्टूल समोर आल्यावर माझी नजरच बदलली. बैठकीवर एका कडेला काळा गोल डाग होता, गरम किटली टेकवल्यासारखा. मी त्यावरून बोट फिरवत राहिले. ज्या घरात माणसं गेली, त्या घरातली वस्तू उलटीपालटी करून बघायची, भाव करायचा, हे माझ्याच्याने झालं नाही. स्टुलाचे बारा हजार, घडवंचीचे अकरा, एका तिपायी स्टुलाचे आठ. पाच हजार फोनवरून दिले, बाकी रोख. "पक्कं बिल केलं तर जीएसटी लागेल" म्हणाला, आणि एका चिठ्ठीवर लिहून दिलं: लाकडी नग 3.

मे महिन्यात लातूरच्या उन्हाने पहिली खूण दाखवली. स्टुलाच्या बैठकीला बोटभर लांब चीर गेली, एक पाय डुगडुगायला लागला. ओल्या फडक्याने पुसलं तर फडकं तपकिरी झालं. दाराचं काम करायला आमचे जुने सुतार काका आले होते, त्यांना म्हटलं जरा पाय घट्ट करून द्या. त्यांनी स्टूल उलटं केलं आणि काही न बोलता बघत राहिले. मग म्हणाले, "ताई, कुणी मारलं हे तुमच्या गळ्यात?"

बैठकीच्या खालच्या बाजूला करवतीचे कमानीसारखे वळणदार ओरखडे होते. ते यंत्राच्या गोल पात्याचे. हातकरवतीचे ओरखडे सरळ जातात आणि सारख्या अंतरावर नसतात. पायाच्या सांध्यावर त्यांनी नखाने खरवडलं. लाकडाचा भुसा आणि फेविकॉल कालवून भरलेली पुट्टी निघाली, आत चकचकीत प्लसचा स्क्रू. तशा खाचेचा स्क्रू अमेरिकेत 1930 च्या दशकात बाजारात आला, हे मी नंतर शोधलं. दुरुस्तीत एखादा बसवलेला असू शकतो, पण काकांनी चारही सांधे खरवडले आणि चारही ठिकाणी तेच. जुन्या कामात खाचेत कुसू, म्हणजे लाकडाचं कोरलेलं टोक, बसवून लाकडाचीच खुंटी मारलेली असते. लाकूडही सागवान नव्हतं. आंब्याचं कच्चं लाकूड, वरून रंग.

किडीची भोकं तर मला फार खरी वाटली होती. काकांनी खराट्याची काडी घेतली आणि एकेका भोकात घातली. प्रत्येक ठिकाणी काडी सरळ, सारखीच खोल जाऊन थांबली. किडा सरळ रेषेत लाकूड खात नाही, तो आत वाकडातिकडा फिरतो. ही ड्रिलची भोकं होती. पायांमधल्या आडव्या दांड्याही चारही बाजूंनी सारख्याच घासलेल्या. माणूस पाय टेकवतो तिथेच दांडी झिजते, भिंतीकडच्या खालच्या अंगाला कोण पाय लावणार?

शेवटी त्यांनी बैठकीवर टेप लावला. आडवा चौदा इंच, उभा चौदा इंच. मग मला स्वयंपाकघरातला पोळपाट आणायला सांगितलं. तो लाकडाच्या रेषांच्या दिशेने साडेदहा इंच, रेषांना आडवा मोजला तर दोन सूत, म्हणजे पाव इंच कमी. लाकूड वाळत जातं तसं आडव्या अंगाने आकसतं, लांबीत जवळजवळ नाहीच. म्हणून एका फळीतून कापलेली जुनी गोल वस्तू किंचित लांबट होते. आजीच्या पोळपाटावर मी इतकी वर्षं पोळ्या लाटल्या आणि हे कधी लक्षात आलं नव्हतं.

दुकानदाराला फोन केला. "आम्ही जुन्या धाटणीचं म्हणालो होतो, ताई." वाड्याचं, भूकंपाचं जे काही बोलला ते समोरासमोर. लेखी काहीच नाही. ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, तक्रार नोंदवली, तिथेही त्याने तेच उत्तर दिलं. जिल्हा ग्राहक आयोगात आपण राहतो त्या जिल्ह्यातूनच दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. पण ओळखीच्या वकिलांनी विचारलं, दाखवणार काय? लाकडी नग 3 ची चिठ्ठी?

म्हणून कुणी कितीही जिव्हाळ्याने बोललं तरी वस्तू उलटी करा, टेप आणि काडी बरोबर न्या. कोणतं लाकूड, किती जुनं, कुठून आलं, हे बिलावर लिहून मागा. आणि कुणी शंभर वर्षांच्या वरचं वय सांगितलं तर परवाना दाखवायला सांगा. 1972 च्या पुरातन वस्तूंच्या कायद्याने शंभर वर्षांहून जुन्या कलाकुसरीच्या वस्तूंचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही. हा एक प्रश्न मी विचारला असता तर सव्वाशे वर्षं तिथल्या तिथे कमी झाली असती.

मागच्या आठवड्यात परभणीच्या मैत्रिणीने फोटो पाठवला, "घेऊ का गं?" म्हणून. गोल स्टूल, बैठकीच्या कडेला किटलीचा काळा डाग, अगदी त्याच जागी, तेवढाच. तिलाही किल्लारीच्याच वाड्यातलं म्हणून सांगितलंय. मी तिला दुकानदाराकडून खालच्या बाजूचा फोटो मागवायला लावला. आज सहा दिवस झाले, तो अजून आलेला नाही.